चिखलाचा टायर आणि मोठा टायर: पिकअपवाल्या मुंबईकराने मांडायचे दोन वेगळे हिशेब

मुलुंडच्या आमच्या घरापासून टोकावड्याच्या अलीकडचं शेत साधारण ७५ किलोमीटर. त्यातला शेवटचा दीड किलोमीटर पाणंद, बाकी सगळं सिमेंट आणि डांबर. त्या दीड किलोमीटरसाठी मी माझ्या व्ही-क्रॉसला, म्हणजे इसुझूच्या पिकअपला, मोठे मड टेरेन (एमटी, खास चिखलाचे) टायर चढवले. मेहुण्याकडे तीच गाडी, तेच २०१७ चं मॉडेल. त्याने एटी (ऑल टेरेन, रस्ता आणि माती दोन्हीला चालणारे) टाकले. दोन पावसाळे दोन्ही गाड्या एकाच पाणंदीतून गेल्या, एकाच हायवेवरून परत आल्या, त्यामुळे तुलना आयतीच झाली. आता ओळखीतला कोणी पिकअप घेतो आणि महिन्याभरात विचारतो, "एमटी टाकू का?" त्याला मी उलट विचारतो, "तुला चिखलाचा टायर हवाय की मोठा टायर?"

हे दोन निर्णय वेगळे आहेत. दुकानात ते एकत्र बांधून देतात, कारण दोन्ही मिळून गाडी रुबाबदार दिसते. मीही तसाच फसलो.

आधी आकडे. जुन्या व्ही-क्रॉसला कंपनीकडून २४५/७० आर १६ येतो. म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्याच्या ७० टक्के, रिम १६ इंची. हिशेब केला तर पूर्ण चाकाचा व्यास भरतो सुमारे ७४९ मिलिमीटर. मेहुण्याने एक पायरी वर जाऊन २६५/७० आर १६ घेतला: ७७७ मिलिमीटर. मी घेतला २६५/७५ आर १६: ८०४ मिलिमीटर. माझं चाक मूळपेक्षा ५५ मिलिमीटरने मोठं, ऐकायला भरघोस. पण गाडी उचलली जाते ती त्याच्या निम्मी, कारण आस चाकाच्या मध्यावर असते. म्हणजे सगळ्या खर्चाअंती डिफरन्शियलखाली (आसाच्या मधला, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) मला मिळाले २७ मिलिमीटर आणि मेहुण्याला १४. आमच्यातला फरक करंगळीच्या जाडीइतकाच.

त्या २७ मिलिमीटरची किंमत मात्र रांगेने येत गेली. टायर बसवून दुकानातून बाहेर काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि पुढच्या चाकाने मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासायला सुरुवात केली. फिटर म्हणाला, "साहेब, लायनर गरम करून दाबून देतो." दिलं. सरळ उभ्या गाडीला घासणं थांबलं. पण आमच्या सोसायटीच्या पोडियमवर जायला वळणाचा चढ आहे. तिथे एक चाक दबतं, स्टिअरिंग फुल लॉकला असतं, आणि रोज संध्याकाळी खरवडल्यासारखा आवाज. शेवटी गाडी आसावरून उचलणारं दोन इंची लिफ्ट किट टाकावं लागलं, मग पुन्हा अलाइनमेंट. मेहुण्याचा २६५/७० फक्त मागे घेताना, पूर्ण वळवून, मडफ्लॅपला किंचित लागत होता. त्याने मडफ्लॅप कापला, विषय संपला.

स्टेपनीचं तर मला सुचलंच नव्हतं. पिकअपची स्टेपनी हौद्याखाली साखळीने टांगलेली असते, आणि तिथली जागा कंपनीच्या चाकाच्या मापाची. माझं पाचवं चाक तिथे बसेना, म्हणून ते हौद्यात पडून असतं आणि खताच्या चार गोण्यांची जागा खातं. त्याऐवजी खाली मूळ मापाची स्टेपनी ठेवली तर चालत नाही का? पंक्चरवाल्यापर्यंत हळूहळू जाण्यापुरती चालते. पण मागच्या एका बाजूला ७४९ चं आणि दुसऱ्या बाजूला ८०४ चं चाक लावून लांब गेलात तर डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात, तापतात. आणि तशा अवस्थेत फोर-व्हील टाकायचं नावच काढू नये.

मीटर आणि डिझेल

चाक सात टक्के मोठं म्हणजे मीटर सात टक्के मागे. काटा ८० दाखवतो तेव्हा हिशेबाने गाडी ८६ ला असते. कंपनीचे मीटर मुळात थोडा जास्त वेग दाखवतात, त्यामुळे प्रत्यक्षात तफावत जरा कमी भरते. तरी अटल सेतूवर १०० ची मर्यादा आणि वर कॅमेरे. तिथे मी काट्यापेक्षा फोनच्या जीपीएसवर जास्त भरवसा ठेवतो.

मायलेजच्या बाबतीत सगळेच एक चूक करतात, मीही केली. टायर बदलल्यावर साडेअकराचं साडेनऊ झालं म्हणून मी महिनाभर कपाळाला हात लावून होतो. मेहुण्याने दाखवून दिलं, की किलोमीटर मोजणारा मीटरही तेवढाच मागे आहे. साडेनऊला सात टक्के मिळवा, दहाच्या थोडं वर येतं. घट खरीच, पण दोनची नाही, सव्वाची. ती येते वजनातून आणि नक्षीतून. माझं एक एमटी चाक मूळ चाकापेक्षा आठेक किलोने जड आहे, आणि फिरणारं वजन ओढायला इंजिनला जास्त कष्ट पडतात. शिवाय मोठ्या चाकाने गिअर उंच झाल्यासारखी गाडी वागते. माळशेजच्या चढाला जिथे तिसऱ्यात जायची तिथे आता दुसरा मागते. भरलेल्या हौद्याने पोडियम चढताना क्लचचा वास येतो, तो मला अजिबात आवडत नाही.

ओला रस्ता

इथे माझं मत पक्कं आहे, आणि मुंबईत राहणाऱ्याने सगळ्यात आधी हाच हिशेब करावा.

जूनचा पहिला पाऊस. ईस्टर्न एक्सप्रेस हायवे, भांडुप पंपिंगच्या पुढे. वेग पन्नासच्या आसपास, पुढच्या रिक्षाने अचानक ब्रेक मारला. मीही मारला. पायाखाली एबीएसची खडखड सुरू झाली आणि गाडी थांबायचं नाव घेईना. रिक्षाच्या मागे लिहिलेलं सगळं वाचून होईपर्यंत सरकत राहिली. हातभर अंतरावर थांबली. त्याच पावसात, त्याच गाडीत, जुन्या हायवे टायरवर असा घाम कधी फुटला नव्हता.

कारण साधं आहे. एमटीचे गट्टे, म्हणजे नक्षीतले रबराचे ठोकळे, मोठे, कडक आणि एकमेकांपासून लांब असतात. रस्त्याला टेकणारं रबर कमी. ओल्या, गुळगुळीत पृष्ठभागावर पकड देतात त्या गट्ट्यांवरच्या बारीक चिरा, आणि त्या एमटीवर नावापुरत्या असतात. पाणी साचलेल्या जागी रुंद खाचांतून पाणी छान निघतं, त्यामुळे चाक पाण्यावर तरंगण्याची भीती कमी. पण आपल्याकडे धोका मुख्यतः असतो तो पहिल्या सरीतल्या तेलकट थराचा, उड्डाणपुलांच्या लोखंडी सांध्यांचा आणि झिजून चकाकणाऱ्या पेव्हर ब्लॉकचा. तिथे चिरा लागतात. एटीला त्या बऱ्यापैकी असतात, हायवे टायरला सगळ्यात जास्त. मेहुण्याची गाडी ओल्यात मूळ टायरइतकी नाही, पण विश्वास ठेवण्याजोगी थांबते.

मुंबईत पाणी भरतं म्हणून मोठे टायर हवेत, असंही बरेचजण म्हणतात. टायर मोठा केला म्हणून इंजिनचं हवा ओढायचं तोंड फारसं वर जात नाही. टायरमुळे माझं गेलं २७ मिलिमीटर. हिंदमाताला पाणी तुंबलं की माझी गाडीही इतरांसारखीच शेजारच्या गल्लीत उभी असते.

खड्ड्यांत मात्र उंच साइडवॉलचं सुख आहे. ते एमटीत मिळतं तसंच एटीतही.

आवाजाबद्दल जास्त काय लिहायचं. साठच्या वर घुमणारा आवाज सुरू होतो, टायर झिजत जातात तसा वाढतो, आणि दर पाच-सात हजार किलोमीटरला चाकं आलटून-पालटून लावली नाहीत तर गट्टे तिरके झिजून आणखीच बिघडतो. मेहुणा म्हणतो, "दाजी, तुम्ही गेटवर आलात की चहाचं आधण ठेवतो आम्ही."

आणि चिखल

एमटीचं कौतुक करायची जागा ही. जुलैत चिखलणी सुरू झाली की आमच्या पाणंदीतून ट्रॅक्टर दिवसभर ये-जा करतात आणि तिचा राडा होतो, घोट्याच्या वर. वाटेत एका ठिकाणी ओढ्याकडून चढ आहे. तिथे मेहुण्याचा एटी दहा-बारा फुटांत भरून जातो: खाचा बारीक, त्यात चिकट माती बसते, टायर गुळगुळीत गोळा होतो आणि जागच्या जागी फिरतो. माझं चाक फिरलं की माती मागे फेकतं, मडगार्ड फुटेलसा मारा होतो, पण पुढच्या फेऱ्याला खाचा पुन्हा मोकळ्या. दोन पावसाळ्यांत मी त्याला दोरी लावून सात वेळा ओढलंय, त्याने मला एकदाही नाही. साइडवॉलही जाड. बांधावरच्या काळ्या दगडाने मेहुण्याच्या एका टायरचं पोट फाडलं. साइडवॉलची चीर काही पंक्चर काढून भागत नाही, तो टायर गेलाच. माझ्यावर तशाच दगडाचा नुसता ओरखडा आहे.

पण या कौतुकात मापाचा वाटा किती? जवळजवळ नाहीच. त्याच चढावर गावातल्या एकाची बोलेरो पिकअप भाताच्या रोपांच्या मुडी भरून वर येते, माझ्यापेक्षा कितीतरी बारीक टायरांवर. राड्याखाली घट्ट मुरूम आहे. बारीक चाक राडा कापून त्या मुरमाला टेकतं, रुंद चाक वर पोहत राहतं. दुसरी गोष्ट हवा. मी ३४ वरून २० पीएसआयवर उतरलो की गाडी वेगळीच होते. त्याच हवेला मेहुणाही सातातल्या तीन वेळा बहुधा स्वतःच वर आला असता, पण त्याच्याकडे परत हवा भरायला छोटा कॉम्प्रेसर नव्हता. आता आहे.

वाळूत तर उलटंच. अलिबाग-रेवदंड्याकडे किनाऱ्यावर गाडी घालूच नये, ते वेगळं. पण कुठे वाळूत अडकलात तर एमटीचे गट्टे फावड्यासारखे खणत जातात. तिथे कमी हवेतला साधा टायरच बरा.

कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर कडक भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. "आरसीवर टायरचं माप कुठे असतं?" हा दुकानातला ठरलेला युक्तिवाद. तो दुकानात चालतो. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर लिफ्ट किटकडे बघत असतो तेव्हा दुकानदार शेजारी नसतो. पिवळी पाटी असेल तर पासिंगची डोकेदुखी वेगळीच. कंपनीच्याच एखाद्या मॉडेलवर येणाऱ्या मापाच्या जितकं जवळ राहाल तितकं बरं.

मग घ्यायचं काय

वर्षातले चिखलाचे दिवस मोजा. शेत, साइट, नर्सरी असलं काही नसेल आणि पिकअप घाटमाथा, कोकण, ट्रेकच्या पायथ्यापर्यंतच जाणार असेल, तर कंपनीचे टायर झिजेपर्यंत वापरा आणि मग एटी घ्या. माप तेच किंवा एक पायरी वर. अपोलो, सिएट, योकोहामा यांचे एटी सहज मिळतात. पावसाळ्यात दहा-पंधरा वेळा खरा चिखल लागत असेल तरीही एटी, सोबत कॉम्प्रेसर, दोरी आणि एक फावडं.

आठवड्यातून दोन-तीनदा राड्यातून माल काढायचाच असेल तर एमटी घ्या, जरूर घ्या, पण कंपनीच्या मापात किंवा फार तर २६५/७० मध्ये. त्या मापात निवड कमी आणि दर जास्त; जून २०२० पासून टायरची आयात परवान्याखाली गेल्याने बाहेरचा माल कधी असतो, कधी नसतो. माल येईपर्यंत थांबा, पण दुकानात तयार आहे म्हणून मोठं माप घेऊ नका. माझी तीच चूक.

जागा असेल तर आणखी एक मार्ग: साध्या लोखंडी रिमवर एमटीचा दुसरा संच, जूनला चढवायचा, दिवाळीला उतरवायचा. फ्लॅटमध्ये चार चाकं ठेवायला घरातून परवानगी मिळवणं ही तुमची जबाबदारी.

दुकानात गेलात की पैसे देण्याआधी टायरवरचा चार आकडी तारखेचा कोड बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. एमटी कमी खपतात, त्यामुळे वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला माल पुढे सरकवला जातो, आणि म्हातारं रबर ओल्या रस्त्यावर आणखी दगड होतं. हा कोड पूर्ण असतो तो टायरच्या एकाच बाजूला. बसवताना ती बाजू आत गेली की गाडीखाली झोपून, मोबाइलच्या उजेडात वाचावा लागतो. मी तसाच वाचला, बिल दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी. पाचातले दोन टायर चार वर्षांचे निघाले.