चेरीच्या लाकडाचा ब्लॉक: एक पावसाळा वापरल्यानंतर

काच फुंकून वस्तू करायचा सेट होता: जॅक्स (गरम काच दाबून आवळायचा दोन पात्यांचा चिमटा), ब्लोपाइप (फुंकायची लांब पोकळ नळी) आणि ब्लॉक (काचेचा गरम गोळा आत फिरवून गोल करायचा लाकडी वाडगा). मी थेट ब्लॉकवर येतो कारण भांडण त्याच्यावरूनच झालं. बाहेरून मागवलेला, वर कस्टम ड्युटी, आणि गणपतीच्या आसपास कडेला चीर गेली. विक्रेत्याला फोटो पाठवला तर म्हणे लाकडावर वॉरंटी नसते, तुम्ही पाण्यात ठेवत नसाल. अहो आल्यापासून बादलीतच आहे तो! स्टुडिओत सामान ठेवू देत नाहीत, म्हणून बाल्कनीत बादली, आणि भट्टीवर जायचं तेव्हा हा ओलागच्च ब्लॉक पिशवीत घालून लोकलने.

ओला लागतोच, मान्य. हजार डिग्रीच्या वरची काच त्यात फिरवली की पाण्याची वाफ होते आणि काच त्या वाफेवर सरकते, सुकं लाकूड सरळ पेटेल. पण मुंबईत पावसाळ्यात साठवलेलं पाणी म्हणजे डास आणि डेंग्यू, त्यामुळे सारखं पाणी ओता, बादली घासा, परत भरा, आणि तरी वास येतोच. बरं बादली घासायची पण ब्लॉकचा आतला काळा थर नाही, तो कोळसाच काच चिकटू देत नाही. आईने तारेची घासणी घेतलीच होती, नशीब मी घरी होतो.

वैतागून सुताराला विचारलं तर म्हणाला सागवानात करून देतो. सागात तेल असतं, नुसता धूर. चेरी, सफरचंद असलं फळझाडाचं लाकूड उगाच नाही घेत.

मग पेपरवर आलो. रद्दीतला पेपर, भिजवून जाड घडी, तळहातावर धरून आकार द्यायचा. फुकट! फक्त चकचकीत पुरवणी नको, साधी पानं. आणि हात इतका जवळ असतो की काच कुठे कडक व्हायला लागली ते लगेच कळतं. छोट्या ग्लासला ब्लॉक लागतच नाही, म्हणून ब्लॉकला दोन स्टार द्यायचं नक्की केलं होतं.

पण परवा मोठा बाउल करायला घेतला, पाइपवर काचेचा दुसरा थर घेतल्यावर वजन वाढलं, पेपरने गोळा मधोमध येईचना, एका बाजूला लोंबायला लागला. शेवटी तोच चिरलेला ब्लॉक काढला. लाकूड फुगून चीर जवळजवळ मिटलीये, काचेवर रेघसुद्धा नाही. म्हणून तीन स्टार, चौथा विक्रेत्याच्या उत्तराने घालवला.

जॅक्स मस्त, पात्यांना मेण लावत राहा बस. ते सुटे मिळाले तर तेवढेच घ्या, ब्लोपाइप स्टुडिओत असतोच, त्याचे पैसे कशाला?