'लायनक्सवर चालतो' म्हणून विकलेला मोडेम

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडतीवर लायनक्सच्या (विंडोजऐवजी वापरायच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या) मशीनवरचं डायल-अप, म्हणजे मोडेम लावून टेलिफोन लाईनवरून घेतलेलं इंटरनेट, सारखं तुटायचं. संगणकवाल्याने आधी सगळं टेलिफोन लाईनवर ढकललं. मग 'लाईन फिल्टर' गळ्यात मारला. शेवटी 'खास हार्डवेअर मोडेम' म्हणून बाहेरच्या मोडेमच्या किमतीत संगणकाच्या आत एक पीसीआय कार्ड बसवून दिलं. ते निघालं विनमोडेम.

विनमोडेममध्ये सिग्नलचं काम कार्डावरची चिप करत नाही, विंडोजचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसरकडून करून घेतो. लायनक्ससाठी ड्रायव्हर मिळाला तरी तो बहुधा ठरावीक कर्नलपुरताच (लायनक्सच्या गाभ्याच्या ठरावीक आवृत्तीपुरताच) असतो. कर्नल बदलला की मोडेम मेला. म्हणून पैसे देण्याआधी 'एलएसपीसीआय' (lspci) ही बसवलेल्या कार्डांची यादी दाखवणारी आज्ञा चालवा. यादीत 'एचएसएफ' (HSF) किंवा 'सॉफ्टमोडेम' दिसलं तर कार्ड परत करा. स्वतःचा विजेचा अडॅप्टर असलेला, सिरियल केबलने जोडायचा मोडेम घेणं सगळ्यात सुरक्षित. यूएसबीवाला नुसता बाहेर आहे म्हणून हार्डवेअर समजू नका, त्यातही सॉफ्ट निघतात.

दुसरी फसवणूक स्क्रीनवरच होते. 'कनेक्ट ११५२००' दाखवून 'बघा, केवढा स्पीड' म्हणतात. तो आकडा संगणक आणि मोडेम यांच्यातला आहे, लाईनचा नाही. व्ही.९० प्रकारचा (५६के) मोडेम लाईनवरून सेकंदाला ५६ हजार बिटांच्या वर जाऊच शकत नाही. रॉकवेल चिपच्या मोडेमला 'एटीडब्ल्यू२' (ATW2) ही आज्ञा द्या, मग डायल करा. खरा आकडा दिसतो.

संगणक आणि मोडेम जोडणाऱ्या केबलमधली लबाडी मात्र चांगल्या जाणकाराच्याही लक्षात येत नाही. स्वस्त केबलमध्ये तीनच तारा असतात: पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंड. मोडेमकडून 'पाठव' किंवा 'थांब' असा इशारा आणणारी 'सीटीएस'ची तार नसल्यामुळे पीपीपीडीमध्ये (डायल-अपची जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये) 'सीआरटीएससीटीएस' (crtscts) हा तो इशारा पाळायचा ऑप्शन चालू असताना डेटा पुढे सरकतच नाही. मग विक्रेता तो ऑप्शन काढून टाकतो, कनेक्शन लागतं, आणि 'सेटिंग'चे वेगळे पैसे घेतो. ही सरळ लूट आहे. आता मोडेमचा बफर (डेटाची तात्पुरती साठवण) भरला तरी 'थांब' सांगायला तार नाही. छोटी मेल जाते, मोठी फाईल अडते, आणि दोष पुन्हा लाईनवर. मल्टिमीटर बीपवर ठेवा. नऊ पिनांच्या टोकाची ७ नंबरची पिन पंचवीसच्या टोकाच्या ४ला, ८ची ५ला, १ची ८ला आणि ४ची २०ला लागली पाहिजे. एकही बीप चुकला तर केबल बदलून घ्या.

लाईन खरंच खराब असू शकते, विशेषतः पावसाळ्यात जोडात पाणी गेलं की. एक आकडा फिरवून रिसीव्हर कानाला लावा. खरखर ऐकू आली तर आधी समांतर जोडलेला फोन काढून पाहा. कॉल वेटिंगही बंद करा, त्या बीपनेसुद्धा लाईन तुटते.

बिलावर 'सिरियल मोडेम, लायनक्सवर तपासून दिला' असं लिहून घ्या. चाचणी वेबपान उघडून नको, एक एमबीची फाईल वर पाठवून (अपलोड करून) घ्या. संगणक सेकंदाला १,१५,२०० बिटांनी ओततो आणि लाईन फार तर ३३,६०० ने नेते, त्यामुळे केबलची खोट वर पाठवतानाच उघडी पडते. चांगल्या लाईनवर या फाईलला पाच मिनिटांच्या आसपास लागतात. तेवढा वेळ विक्रेत्याला समोर बसवून ठेवा.