नगरची छोटी मिशन शाळा, तिथे नक्की शिकवतात काय?

दोन वर्षं झाली लेक नगरमधल्या एका छोट्या मिशन शाळेत जातेय, आता तिसरीत आहे. जूनच्या आधी दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं की तिथे अभ्यास कसा घेतात, बायबलच शिकवतात का, मुलं मागे पडतात का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

शाळा अगदी लहान, पहिली ते चौथी एकेकच वर्ग, वर्गात वीस-बावीस मुलं, चर्चच्या कंपाउंडमधली कौलारू इमारत आणि पुढे दोन चिंचेची झाडं. मराठी माध्यम, अनुदानित, त्यामुळे पुस्तकं बालभारतीची आणि ती पण फुकट मिळतात, दुपारची खिचडी शाळेतच. लेक आधी जिथे होती तिथे (नाव घेत नाही) पहिलीतच खाजगी प्रकाशनांची अकरा पुस्तकं होती, रोज पाच पानं उतरवून आणायची आणि रविवारी रात्री पोट दुखायचं. डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि दुसरीला तिला इथे आणलं.

इथे दुसरीच्या बाईंनी पहिला महिनाभर वहीच काढायला लावली नाही. मी घाबरले, सरळ जाऊन विचारलं. बाई म्हणाल्या, ताई, आधी तिला माझ्याशी बोलू दे, मग लिहील. दिवाळीपर्यंत पोरगी दुकानांच्या पाट्या वाचायला लागली होती.

आता बायबलचं. सकाळी प्रतिज्ञा, राष्ट्रगीत, राज्यगीत आणि मग 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना. आठवड्याला दोन तास मूल्यशिक्षणाचे, त्यात बायबलमधली गोष्ट असते. आम्ही ख्रिस्ती नाही. प्रवेशाच्या वेळी मोठ्या बाईंनी स्वतःहून एक कागद पुढे केला, मूल प्रार्थनेला आणि त्या तासाला बसेल का याची पालकांची लेखी संमती. संविधानाच्या कलम २८ मध्येच आहे की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही, पालकांची परवानगी लागते. मी विचार करून सही केली आणि मला आजपर्यंत त्याचा पस्तावा झालेला नाही. ज्यांनी नाही म्हणलं त्यांची मुलं त्या तासाला चित्रं काढतात, त्यांना कुणी वेगळं पाडत नाही हे मी बघितलंय. शनिवारी पेटी आणि टाळ घेऊन भजनं म्हणतात, चाल अगदी आपल्या अभंगाची. ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांनी या गावात काम केलंय, त्यांचे अभंग इथल्या पोरांना पाठ आहेत.

पण मला खरी आवडली ती या गोष्टी आणि पुस्तक एकत्र गुंफायची पद्धत, आणि त्यातला एक तास तर मी स्वतः मागे बसून पाहिलाय. दुसरीत शंभरपर्यंतचे आकडे चालू होते. तुम्हाला आठवत असेल, २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' (म्हणजे एकवीस, बावीस) असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला होता. बाईंनी दोन्ही शिकवलं, आधी नव्वद आणि नऊ, मग नव्याण्णव. त्यासाठी गोष्ट घेतली हरवलेल्या मेंढराची, शंभरातलं एक हरवतं आणि मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्याला शोधायला निघतो. प्रत्येक गटाला मूठमूठ चिंचोके दिले, दहा-दहाचे ढीग करायला लावले आणि हळूच एक चिंचोका आपल्या मुठीत लपवला. पोरं मोजून मोजून दमली, किती कमी, एक कमी! तेवढ्यात एक धनगराचा मुलगा उठून म्हणाला, बाई, आमचा आजा मोजत नाही, नुसता बघून सांगतो कुठलं मेंढरू नाही ते. बाई क्षणभर थांबल्या, मग त्याला पुढे बोलावलं आणि त्यानेच सगळ्यांना सांगितलं, कुणाचा कान फाटलेला, कुणाच्या पाठीवर डाग, आजा चेहऱ्यावरून ओळखतो. दुसऱ्या दिवशीपासून बाई हजेरीपुस्तक उघडायच्या आधी विचारतात, आज कोण नाहीये? पोरं इकडेतिकडे बघून नावं सांगतात. माझी लेक तापाने चार दिवस घरी होती तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या दोघी जणी संध्याकाळी दारात उभ्या, बाईंनी विचारलंय कशी आहेस. मला भरून आलं.

तिसरीच्या परिसर अभ्यासात प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं पुस्तक असतं. त्यात ही शाळा खूप रमते. भुईकोट किल्ला चालत जाऊन बघितला, नेहरूंना १९४२ ते ४५ तिथे कैदेत ठेवलं होतं ते तिथेच उभं राहून सांगितलं. कळसूबाई १६४६ मीटर, ते मैदानावर पावलं टाकून मोजलं, एक पाऊल म्हणजे दहा मीटर, तरी मैदान पुरेना. ३ जानेवारीला मोठ्या बाई सावित्रीबाईंबद्दल बोलल्या, की त्यांनी शिक्षिका व्हायचं प्रशिक्षण नगरला फरार बाई या अमेरिकन मिशनरींच्या शाळेत घेतलं. लेक घरी येऊन म्हणाली, आई, सावित्रीबाई आपल्या गावात शिकायला आलेल्या. हे मला स्वतःला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

उणं पण सांगते. डिसेंबरमध्ये नाताळच्या कार्यक्रमाच्या तालमी इतक्या चालतात की गणित जवळजवळ बंद पडतं, जानेवारीत मग घाई होते, हे मी पालकसभेत दोनदा बोललेय. इंग्रजी पहिलीपासून आहे पण बोलणं कच्चं राहतं, कविता पाठ आणि वाक्य येत नाही. कम्प्युटर एकच, ऑफिसमधला. आणि निवडणुकीची ड्युटी लागली की दोन वर्ग एकत्र बसतात, तेव्हा बाईंची अक्षरशः तारांबळ होते.

प्रवेशाचं, अल्पसंख्याक संस्था आहे त्यामुळे आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांच्या ऑनलाइन यादीत शोधू नका, थेट शाळेत जाऊन फॉर्म घ्यायचा. मोठ्या बाई सकाळी प्रार्थना झाल्यावर भेटतात. मुलाला सोबत न्या, त्या आधी त्याच्याशीच बोलतात, आपल्याला नंतर खुर्ची देतात.