पॉइंट बावीस रायफलसाठी स्कोप घेताय? माझे १४,५०० गेले, तुमचे वाचवा

वडिलांची ब्रनो पॉइंट बावीस माझ्या नावावर लायसनवर आहे. पन्नाशीनंतर मागची खाच आणि पुढची माशी एकाच वेळी स्पष्ट दिसेना म्हणून स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, लावायचं ठरवलं. बालेवाडीला प्रॅक्टिस करणारी पोरं पीप साइटवर, म्हणजे बारीक भोकातून नेम धरून, मारतात, त्यांच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही, त्यामुळे विचारायला जवळचं कोणी नव्हतं आणि मी ऑनलाइन जाहिरात बघून फोन केला, इथेच चूक झाली.

माणूस बोलायला एकदम गोड. "काका, जपानी काच आहे, तीन ते नऊ पॉवर, खास रिमफायरचा, एअरगनलाही चालतो." रिमफायर म्हणजे पॉइंट बावीससारख्या हलक्या गोळीच्या रायफली. रायफल दोन दिवस माझ्याकडे ठेवा म्हणाला. त्याला मी साफ नाही म्हटलं, लायसन माझ्या नावावर आहे, हत्यार दुसऱ्याकडे सोडून यायचं नसतं. मग तो कोथरूडला घरी आला, अर्ध्या तासात स्कोप धरणाऱ्या रिंगा बसवल्या, नळीत लेझर घालून भिंतीवर ठिपका दाखवला आणि म्हणाला झिरो झालं, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी जुळली, रेंजवर जायची पण गरज नाही. स्कोप, रिंगा, फिटिंग धरून १४,५०० यूपीआयने घेतले. बिल मागितलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणाला. ते आलंच नाही.

रेंजवर ५० मीटरला पहिल्या पाच गोळ्या कागदालाच लागल्या नाहीत. जवळून मारून कसंबसं कागदावर आणलं. स्कोपच्या फिरकीची पाव एमओएची (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक म्हणजे ५० मीटरला साधारण साडेतीन मिलिमीटर, २० क्लिक दिल्या की सात सेंटिमीटर सरकायला पाहिजे. सरकलं दोन, आणि पुढच्या गोळीला आपोआप भलतीकडेच उडालं. २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, २० वर असा चौकोन मारला तर जिथून निघालो तिथे परत आलंच नाही. शिवाय डोळा जरा हलला की क्रॉस, म्हणजे स्कोपमधली फुली, टार्गेटवरून सरकतो, कारण रिमफायरच्या स्कोपचं पॅरालॅक्स (ज्या अंतरावर डोळा हलला तरी क्रॉस सरकत नाही ते) साधारण ५० यार्डला सेट केलेलं असतं आणि हा मोठ्या रायफलचा, १०० यार्डवाला निघाला. एअरगनचं तर विचारूच नका, स्प्रिंगवाल्या एअरगनचा धक्का मागे आणि पुढे दोन्हीकडे बसतो, त्यात असले स्कोप लगेच मोडतात.

घरी येऊन रिंगा सोडल्या. ट्यूब आणि रिंगेच्या मध्ये कोल्ड्रिंकच्या डब्याची कापलेली पट्टी, लाल रंग अजून तसाच! आमच्या रायफलच्या पाठीवर ११ मिलिमीटरची खोबण आहे, त्याच्या रिंगा ३/८ इंचाच्या, म्हणजे साडेनऊच्या. बसत नव्हत्या म्हणून जबडा कानशीने घासला आणि ताकद लावून आवळल्या, एका बाजूला निळी झाक जाऊन पांढरं लोखंड उघडं पडलंय. पैसे गेले त्यापेक्षा हे जास्त लागलं, वडिलांनी त्या रायफलला कधी ओरखडा येऊ दिला नव्हता.

रायफलला हात लावायच्या आधी नुसता स्कोप तपासता येतो हो. पुठ्ठ्याच्या खोक्याला समोरासमोर दोन व्ही आकाराच्या खाचा कापा, त्यात स्कोप ठेवा आणि लांबच्या एखाद्या खिळ्यावर क्रॉस धरा. खोकं न हलवता डोळा डावी-उजवीकडे करा, क्रॉस पळतो का बघा. क्लिक मोजून फिरवा, तेवढ्याच परत आणा, क्रॉस खिळ्यावर आला पाहिजे. विकणारा हे करू देत नसेल तर उठून या. खोबणीचं माप व्हर्नियरने स्वतः घ्या आणि त्याच मापाच्या रिंगा मागा. लेझरने फक्त कागदावर गोळी लागण्यापुरतं जुळतं, खरं झिरो गोळ्या मारूनच होतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार दिली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. तो आता फोन उचलत नाही. जाहिरात मात्र चालू आहे, फोटो तोच, किंमत आता १६,००० केलीय.