काळी शेडनेट की पांढरी?

वाळवंटी उन्हाळ्यात दुपारचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उघड्यावरील झाडांना शेडनेट, म्हणजे सावली देणारी जाळी, हवीच. प्रश्न उरतो तो रंगाचा. काळी जाळी ऊन शोषून स्वतः तापते आणि ती उष्णता खाली टाकते. भर दुपारी तिच्याखाली हात धरला तरी ती धग जाणवते, आणि पानांना टेकेल इतकी खाली बांधली तर सावली असूनही शेंडे करपतात. पांढरी जाळी बरेचसे ऊन परतवते, शिवाय आत येणारा प्रकाश विखुरलेला असल्याने तो खालच्या पानांपर्यंतही पोहोचतो. म्हणून टोमॅटो, मिरची अशा फळभाज्यांसाठी ३० ते ५० टक्के सावलीची पांढरी जाळीच मला योग्य वाटते. टिकाऊपणात मात्र काळी सरस, कारण तिच्या प्लास्टिकमध्ये रंगासाठी मिसळलेली काजळी अतिनील किरणांपासून धाग्याचे रक्षण करते. काळीच घेणे भाग असेल, तर ती चांगली उंच ताणावी आणि बाजू मोकळ्या ठेवाव्यात, म्हणजे तापलेली हवा वाऱ्यासोबत निघून जाईल. कोवळ्या रोपांना मात्र, जाळी कोणत्याही रंगाची असो, पश्चिमेकडूनही आडोसा द्यावा, कारण दुपारनंतरचे तिरपे ऊन जाळीच्या खालून थेट खोडावर येते.