आठ महिने एकाच सुशी रेस्टॉरंटमध्ये: मंगळवारची सुशी आणि रविवारची सुशी

बाणेरला आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक जपानी रेस्टॉरंट आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्या मी मालकांना समोर बसून सांगितल्या आहेत. गेल्या नोव्हेंबरपासून या जुलैपर्यंत मी तिथे सतरा-अठरा वेळा जेवले आणि पाच वेळा घरी मागवलं. पहिल्यांदा जायच्या आधी लोकांचे अभिप्राय वाचले होते. एकाने लिहिलं होतं, पुण्यातली सर्वोत्तम सुशी. त्याच्याच खाली दुसऱ्याचं, पैसे पाण्यात. आता मला वाटतं, दोघंही खरंच सांगत होते. फक्त दोघं वेगवेगळ्या वारी गेले असणार.

मी जपानी भाषेची दुभाषी आहे, चाकणच्या कारखान्यांमध्ये काम करते. कामासाठी काही महिने जपानमध्ये ओकायामाला राहिले होते. आपल्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवरून बेतलंय, त्या गावी. तिथे रोज काही कोणी भारी सुशी खात नाही, पण साध्यासुध्या दुकानातही भात कसा असतो ते जिभेला कळलं.

कारण सुशी हा मुळात भाताचा पदार्थ आहे. माशाबद्दल सगळे बोलतात, भाताबद्दल कोणी बोलत नाही. आखूड दाण्याचा चिकट तांदूळ, शिजल्यावर त्यात व्हिनेगर, साखर आणि मीठ, आणि वाढताना तो साधारण अंगाच्या उबेइतका कोमट हवा. बोटांत धरला तर सुटू नये, तोंडात गेला की दाणा न् दाणा मोकळा व्हावा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती इथे शब्दशः करावी.

मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी सातला जाऊन काउंटरवर बसलं की हा भात मिळतो. तिथले मुख्य शेफ दार्जिलिंगकडचे आहेत. लाकडी पसरट भांड्यात भात, वर ओलं फडकं. ते व्हिनेगरच्या पाण्यात बोटं बुडवतात, तळहातावर एक टाळी मारून जास्तीचं पाणी झटकतात, लिंबाहून लहान गोळा उचलतात. माशाच्या कापाला बोटाच्या टोकाने वासाबी, म्हणजे नाकात झिणझिण्या आणणारी हिरवी तिखट पेस्ट, लावून तो भातावर ठेवतात, दोन-तीनदा फिरवून दाबतात, झालं. हे सगळं जेमतेम सात-आठ सेकंदांत. भाताच्या गोळ्यावर मासा ठेवलेला हा तुकडा म्हणजे निगिरी. तो लगेच खायचा. सोया सॉसमध्ये भात बुडवायचा नाही, माशाची बाजू अलगद टेकवायची, नाहीतर भात सॉस शोषून घेतो आणि विस्कटतो. सॅल्मन निगिरीचे दोन तुकडे साधारण पाचशे रुपयांना पडतात. महाग आहे, पण त्या दिवशी, त्या जागी, ते पैसे मला कधी जास्त वाटले नाहीत.

रविवारी दुपारी तिथे 'अनलिमिटेड सुशी' असते. दोनदा गेले. रोल, म्हणजे शेवाळाच्या पानात गुंडाळलेला भात, आधीच कापून ठेवलेले, भात गार आणि कडक. फ्रीजमध्ये ठेवलेला भात टणक होतो हे आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात माहीत आहे. त्याचा फोडणीचा भात उत्तम होतो, सुशी होत नाही. शेजारच्या टेबलावर कॉलेजची दोन मुलं पहिल्यांदाच सुशी खायला आली होती. त्यातल्या मुलाने वासाबीचा अख्खा हिरवा गोळा चटणी समजून तोंडात टाकला. डोळ्यांतून घळाघळा पाणी, धड श्वास घेता येईना, आणि वेटर पाठ फिरवून उभा. मी त्यांना आल्याचं लोणचं दोन घासांच्या मध्ये का खायचं, वासाबी किती घ्यायची, ते सांगितलं. या दोघांनी नंतर वाईट लिहिलं असेल तर दोष त्यांचा नाही. एवढे पैसे घेताना नवख्या माणसाला दोन वाक्यं सांगायला काय हरकत आहे?

एका गोष्टीत मात्र रेस्टॉरंटवर अन्याय होतो. 'मासा फ्रोझन आहे' ही तक्रार खूप जण करतात. कच्चा खायचा बराचसा मासा आधी अतिथंड करावाच लागतो, कारण समुद्री माशांत अनिसाकिस नावाची अळी असू शकते. उणे २० अंशांना सात दिवस, किंवा उणे ३५ अंशांना पंधरा तास, असे अमेरिकेच्या अन्न प्रशासनाचे निकष आहेत. व्हिनेगरने किंवा लिंबाने ती अळी मरत नाही. तेव्हा गोठवलेला म्हणजे शिळा, असं नाही. आणि कृपा करून बाजारातला रावस 'इंडियन सॅल्मन' म्हणून आणून घरी कच्चा खाऊ नका. रावस हा वेगळाच मासा आहे, सॅल्मनशी त्याचं नातं नावापुरतं. घरच्या फ्रीजरवर या बाबतीत भरवसाही ठेवू नका.

बाबांना घेऊन गेले होते जानेवारीत. बाबा मालवणचे. मासा कल्ला उघडून लाल बघितल्याशिवाय घेत नाहीत. कच्चं खाणार नाही म्हणून आधीच सांगून आले होते. शेफनी त्यांना सगळ्यांत आधी 'साबा' दिला. बाबांनी कातडीवरचे निळे-काळे पट्टे बघितले आणि म्हणाले, "अगं, हा तर बांगडा!" बांगड्याच्याच भाऊबंदांतला तो. आधी मिठात मुरवलेला, मग व्हिनेगरमध्ये. बाबांनी एक खाल्ला, थोडा वेळ गप्प बसले, आणि आणखी दोन मागवले. मग शेफना मोडक्यातोडक्या हिंदीत विचारत बसले, मीठ किती वेळ, काटा कसा काढता. शेफनी चिमट्याने मधले बारीक काटे एकेक कसे ओढायचे ते दाखवलं. आमच्या घरी बांगड्याचं तिखलं होतं, सुकं होतं. बांगड्याला हेही रूप असतं हे बाबांना सत्तरीला आल्यावर कळलं, आणि त्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसला.

आता सर्वांत वाईट अनुभव. फेब्रुवारीत सासूबाईंना नेलं. त्या शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. काकडीचा रोल आणि इनारी, म्हणजे तळलेल्या टोफूच्या गोडसर पिशवीतला भात, त्यांना मनापासून आवडला. मिसो सूपबद्दल, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टच्या सूपबद्दल, मी वेटरला विचारलं, तो म्हणाला, "व्हेज आहे मॅडम." सासूबाईंनी अर्धी वाटी प्यायल्यावर मी एक चमचा घेतला आणि मला धुरकट चव लागली. शेफना जाऊन विचारलं. दाशी, म्हणजे सूपचं मूळ पाणी, वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचं होतं. वेटरच्या लेखी त्यात मासा 'दिसत' नव्हता, म्हणून व्हेज. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. घरी येऊन शांतपणे आंघोळ केली आणि देवापाशी बसल्या. मला त्या रात्री झोप लागली नाही. मला हे सगळं माहीत असताना मी आधी स्वतः चव घेतली नाही, हे मला अजून सलतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन मालकांशी बोलले. त्यांनी सबब सांगितली नाही, माफी मागितली. सासूबाईंशी फोनवरही बोलले. महिन्याभरात मेनूवर खुणा आल्या आणि कोंबू शेवाळ व शिताके मशरूमच्या दाशीचं वेगळं सूप सुरू झालं. तरीही शाकाहारी मंडळींनी तीन गोष्टी विचाराव्यातच: सूपमध्ये दाशी कसली, टेम्पुरा, म्हणजे जपानी भजी, तळायचं तेल वेगळं आहे का, आणि रोलवरचे नारिंगी दाणे काय आहेत. ते बहुधा टोबिको असतात, म्हणजे माशाची अंडी. आणि 'क्रॅब स्टिक'मध्ये खेकडा नसतो, पांढऱ्या माशाचा लगदा असतो.

घरी मागवण्याबद्दल थोडक्यात: मागवू नका. मे महिन्यात चाळीस मिनिटांनी डबा आला, टूना कडेने तपकिरी पडलेला, वास किंचित आंबूस. फेकून दिला. पैसे परत मिळाले, पण चार दिवस मागे लागावं लागलं. पावसाळ्यात तर नोरी, म्हणजे ते काळं शेवाळ, दहा मिनिटांत चामट होतं. जूनमध्ये काउंटरवर शेफ ती डब्यातून एकेक काढतात, आचेवर क्षणभर धरतात आणि हाताने वळलेला शंकूसारखा तेमाकी थेट तुमच्या हातात देतात. तो कुरकुरीत आवाज ऐकायचा तर तिथे जाऊनच.

बिलावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो असा लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना योग्य ठरवल्या. मी सांगितल्यावर दर वेळी वाद न घालता काढला. पण सांगावं का लागतं? मी ते पैसे वेगळे, काउंटरमागच्या मुलांच्या हातात देते.

एक मागणी मी सारखी करत होते. ओकायामाला बाराझुशी असते. तिची गोष्ट अशी सांगतात, की तिथल्या सरदाराने साधं जेवण जेवायचा हुकूम काढला, तेव्हा लोकांनी मासे आणि भाज्या भातात मिसळून आणि दडवून खाल्ल्या. गेल्या मंगळवारी शेफनी न सांगता माझ्यासमोर एक वाडगा ठेवला: भातात बारीक चिरलेलं गाजर, शिताके, कमळकाकडी, आणि वर कोळंबी. ओकायामाची अगदी तशीच नव्हती, गोड जरा जास्त होती. मी ते सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

पुढच्या महिन्यात बाबांचा सत्तरावा वाढदिवस आहे. बुधवारच्या काउंटरवरच्या चार खुर्च्या सांगून ठेवल्या आहेत, आणि बांगडा आदल्या दिवशीच मिठात घालायला सांगितलाय. सासूबाईही येतो म्हणाल्या आहेत. त्यांचं सूप आधी मी चाखणार.