शस्त्रसामग्रीवरची अभ्यासवही: ढालीचा भाग एक नंबर, बाकी ठीकठाक

देवाच्या शस्त्रसामग्रीवरची (विश्वास, सत्य वगैरेंना सैनिकाच्या ढाल-कमरपट्ट्याची उपमा) ही अभ्यासवही वैयक्तिक मननासाठी घेतली. बायबलमधल्या पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या 6व्या अध्यायातली 10 ते 18 ही वचनं, खाली प्रश्न आणि लिहायला जागा, एवढाच मामला. पण विश्वासाच्या ढालीचा भाग खरंच मस्त जमलाय! रोमन सैनिकाची ढाल लाकडाची, वरून चामडं, जवळपास अख्खं अंग झाकेल एवढी मोठी, आणि शेजारी शेजारी उभे राहून ढाली जोडल्या की भिंतच तयार व्हायची, मग प्रश्न येतो की तुमच्या विश्वासाच्या बाजूला कोण उभं आहे, नावं लिहा. मी पेन हातात धरून बसूनच राहिले.

जुन्या करारातलं यशया 59:17 पण वाचायला लावतात, तिथे उरस्त्राण (छातीचं चिलखत) आणि शिरस्त्राण स्वतः परमेश्वर घालतो, म्हणजे पौलाने हे सगळं नुसतं कैदेत असताना रोमन पहारेकऱ्याकडे बघून लिहिलेलं नाही, हे कळल्यावर सगळा धडाच वेगळा वाटायला लागतो.

सत्याचा कमरपट्टा आणि पायातले तयारीचे जोडे मात्र दोन पानांत उरकलेत, आणि सैतानाबद्दल उगाच जास्तच घाबरवलंय, अरे 13व्या वचनात टिकून उभं राहा म्हटलंय ना, त्यावर बोला की! 18व्या वचनातली प्रार्थना तर शेवटी एका चौकटीत कोंबलीय. कागद पातळ, जेल पेन मागे उमटतं. एकट्याने करण्यापेक्षा ग्रुपमध्ये करा, चार स्टार.